गुहेचं दार आणि थांबलेला ब्रश

मंडळी, आज दुपारी एक पुस्तक परत आणायला पेणजवळच्या जोहे गावी गेले आणि हात हलवत परत आले.

मी पेणला मुलांसाठी छोटं वाचनालय चालवते. सकाळी सहावीतल्या सानिकाच्या आईचा फोन आला, "बाई, तुमचं ते जादूचं पुस्तक घेऊन जा. पोरगी दुसरं काय बघतच नाय."

सानिकाची आई जोह्यातल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. मी पोचले तेव्हा सानिका तिथेच बसून, मूर्ती घासणाऱ्या बायकांना शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवत होती.

"एवढं काय आहे गं त्यात?" मी विचारलं.

"त्यातली मुलगी माझ्याएवढीच हाय, आणि एकटी गुहेत जाते. मला पेणला एसटीने पण एकटीला सोडत नाय."

ती पुढे वाचू लागली, तेवढ्यात आईने डोळे आखायला ब्रश उचलला. आखणी चालू असताना कारखान्यात कुणी बोलायचं नाही, हा तिथला नियम. सानिका गप्प झाली. गोष्टीतल्या मुलीमागे गुहेचं दार नुकतंच बंद झालं होतं.

आईचा ब्रश मूर्तीच्या डोळ्यापाशी तसाच थांबला.

"थांबलीस कशाला गो? ती बाहेर आली का नाय ते सांग आधी. नायतर माझा हात नाय चालायचा."

पुस्तक अर्थातच तिथे राहिलं. निघताना आई हळूच म्हणाली, "पुढचा भाग असंल तर शनिवारी सानिकाला पाठवते. येईल एसटीने, एकटी."

पुढचा भाग माझ्याकडे नाही हो! पुस्तकाचं नाव कमेंटमध्ये टाकलंय. कुणाकडे आहे का? शनिवारच्या आत हवाय.