इंजिनावरची मानाची जागा

ताडकळस-परभणी रस्त्यावर जुनी जपानी बनावटीची व्हॅन चालवणारे आमचे मामा स्वतःशेजारच्या सीटवर कुणाला बसवत नाहीत. तिथं त्यांचा डबा असतो. परभणीपर्यंत भाकरी गरम राहते. "जागा वाचवायला जपान्यानं इंजिन बुडाखाली बसवलं. त्याच्याकडं थंडी लय, मालक," म्हणतात.

पुतण्यासाठी मुलगी बघायला निघालो, तेव्हा मानाची जागा म्हणून मी डबा उचलून तिथंच बसलो. भर उन्हाळा. परभणीत उतरलो तो भाजून.

मुलीचे वडील "बसा, बसा" म्हणत राहिले, मी उभाच. मुलगी नापसंत दिसते, असं वाटून त्यांचा चेहरा पडला.

दारातून मामा शांतपणे म्हणाले, "नवस हाय त्यांचा. सोयऱ्याच्या घरी बसत न्हाईत."

लग्न जमलं. त्या घरात मला अजून कुणी खुर्ची देत नाही.