मेहुण्याचं मरण कोणाच्या हातून

ढाणकीत आमच्या दुर्गादेवी मंडळाचा दर नवरात्रात जिवंत देखावा असतो. त्याचा दिग्दर्शक मी, निवेदक मी आणि वेळ पडली तर विजेचा गडगडाटही मीच. एका वर्षी पोरांच्या हट्टापायी आम्ही सुपरहिरो आणले. तीन हिरो, एक खलनायक. खलनायक माझा मेहुणा. मुंगीलाही वळसा घालून जाणारा शेतकरी, पण मिशा अशा की दुसरं काम देताच येत नाही.

दर वर्षी तो शेवटी मरायचा आणि फार सुंदर मरायचा. त्या वर्षी मात्र तालमीच्या पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, मी मरणार नाही. त्याच्या मुलीला पाहून गेलेले फुलसावंगीचे पाहुणे अष्टमीला देखावा बघायला येणार होते आणि त्यांचा होकार अजून यायचा होता. होणाऱ्या व्याह्यांसमोर मुलीचा बाप मरून पडणं अशुभ, असं त्याच्या बायकोचं म्हणणं.

मग सभा बसली. याला न मारता जिंकायचं कसं?

उडणारा हिरो, म्हणजे आमचा औषधाचा दुकानदार, म्हणाला की आपण कोणाचा जीव घेत नाही, फक्त ढगांपलीकडे फेकतो. तिथे हवा नसते, हे कोणीतरी काढलं. तो शांतपणे म्हणाला, "म्या सोडलं तवा जिता होता."

विजेचा हिरो गावातला लाईनमन. एरवी लाईन बंद असल्याची खात्री केल्याशिवाय खांबाला हात न लावणारा माणूस, पण हिरो म्हणून त्याचं मत साफ होतं: एक झटका द्यायचा आणि घरी जेवायला जायचं.

मुखवट्यातला हिरो म्हणजे शिकवणी घेणारे सर. त्यांनी उभं राहून तत्त्व मांडलं. हाडं मोडावीत, जीव घेऊ नये, गुन्हेगाराला बांधून पोलिसांच्या हवाली करावं. हाडं किती मोडावीत यावर मेहुण्यानं थोडी घासाघीस केली आणि सरांचं तत्त्व पास झालं. ही सगळी चर्चा देवीसमोर चालली होती. तिचा भाला तेव्हा महिषासुराच्या छातीत होता. तिनं सभा घेतलेली दिसत नव्हती.

अष्टमीला पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर बसले, मुलाचे वडील माझ्या शेजारीच. सरांनी मेहुण्याला कासऱ्यानं आवळलं आणि हवालदार आला. हे काम आमच्या होमगार्ड शेजाऱ्याकडे होतं. तो बंदोबस्तावरून थेट खऱ्या वर्दीत, खऱ्या काठीसकट आला आणि सवयीनं त्यानं मेहुण्याची कॉलर धरली. मुलाचे वडील माझ्याकडे झुकले.

"यायच्यावर कायची केस हाय, भाऊ?"

माझ्या हातातला माईक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं, मेहुण्यानंही. बाप मेला तर सोयरीक थांबते. बापावर केस असली तर मोडते. त्यानं हिसका देऊन कासरा सोडवला आणि स्टेजच्या कडेला शेंगदाणे खात बसलेल्या लाईनमनपुढे जाऊन उभा राहिला.

"मार मले."

लाईनमन म्हणाला, माझा सीन झाला.

"मार म्हणतो ना बे. पोरीच्या लग्नाचा सवाल हाय."

सर मध्ये पडले, ठरलंय ते ठरलंय म्हणाले. औषधवाल्यानं ढगांपलीकडचा पर्याय पुन्हा मांडून पाहिला. लाईनमननं हात झटकले आणि एक बोट लावलं. मी तोंडानं गडगडलो.

मेहुणा बराच वेळ मेला. मरता मरता त्यानं पाहुण्यांपुढे हात जोडून सांगितलं की आपल्यावर आजवर साधी तक्रारही नाही, शेत स्वतःच्या नावावर आहे आणि पोरगी बीएड झाली आहे. मग तो देवीकडे पाय होणार नाहीत अशा बेतानं पडला.

नंतर चहा घेताना मुलाचे वडील म्हणाले, "बांधून नेत होते तवा मनात पाल चुकचुकली. मेले तवा कसं मोकळं वाटलं."

लग्नात लाईनमनला टोपी-दुपट्ट्याचा मान मिळाला. सरही पंगतीत बसले होते, पण घुश्शात. मेहुणा जिलेबी वाढायला आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, की माझ्या पद्धतीनं गेला असतात तर एव्हाना जामिनावर सुटला असतात.