वत्सलेचं माप

मेडशीच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागूनच एक गाव आहे. तिथल्या गणपतीत आरती होते, भंडारा होतो, पोरांचा नाच होतो, म्हणजे चार गावांत होतं ते सगळं होतं. पण आणखी एक गोष्ट होते, जी दुसऱ्या कुठल्या गावात होत असल्याचं ऐकिवात नाही. तिथं मालिकांची मापं मांडतात.

त्याचं असं झालं, की टीव्हीवर आजवर लागलेल्या मालिकांत सगळ्यात भारी कोणती, यावरून या गावात भांडणं व्हायची. साधीसुधी नाही, अबोला धरण्याइतकी. मदनसिंगच्या हॉटेलात तर एकदा कपबशा फुटल्या. म्हातारे म्हणायचे, रविवारी सकाळी आंघोळ करून, टीव्हीला हार घालून बघायचो ती पुराणातली मालिका ती खरी, बाकी सगळा कचरा. मदनसिंग ‘गली नंबर नऊ’ या खूनखराब्याच्या हिंदी मालिकेवर जीव टाकायचा. बायकांचं तिसरंच. शेवटी अंगणवाडीच्या ज्योत्स्नाबाईंनी तोडगा काढला. गणपतीच्या मंडपात, दुपारच्या वेळी, घराघरांतून धान्य मोजायची जुनी मापं आणायची, ओळीनं ठेवायची, एकेका मापावर एकेका मालिकेचं नाव चिकटवायचं. ज्याला जी आवडली तिच्या मापात त्यानं तुरीचा एक दाणा टाकायचा. ज्यात दाणे जास्त, ती त्या वर्षीची पहिली.

दाणे टाकायच्या आधी मात्र प्रत्येक मालिकेसाठी कुणीतरी उठून बोललं पाहिजे. कुणीच उठलं नाही, तर ते माप तिथल्या तिथं पालथं करायचं, आणि पुढच्या वर्षी ते मांडायचं नाही. नियम म्हणजे नियम. रडकुंडीला आलात तरी ज्योत्स्नाबाई ऐकत नाहीत.

‘वत्सलेचा उंबरा’ या मालिकेसाठी दर वर्षी कस्तुराबाई उठायची. पदर खोचून उठायची आणि अशी बोलायची, की मदनसिंग हात जोडून म्हणायचा, “वैनी, बस करा, माहा इन्स्पेक्टर राजीनामा देते आता.” यंदा कस्तुराबाई नव्हती. मागच्या दिवाळीच्या तोंडावर ती गेली होती. मागं तिचा नवरा बापूराव होता, आणि त्यानं ती मालिका आयुष्यात एकदाही पाहिलेली नव्हती.

यात बापूरावचा काही माज नव्हता बरं. त्याचं दीड एकर ओलीत आहे, त्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, जवळच्या मालेगावला दिवस उगवायच्या आत होतो. म्हणजे दुपारी तोडायचं, संध्याकाळी गाडी भरायची, दिवे लागले की जेवून आडवं व्हायचं. गाव टीव्ही लावायचं तेव्हा बापूराव घोरत असायचा. मग दुसऱ्या दिवशी, वांगी तोडता तोडता, कस्तुराबाई त्याला आदल्या रात्रीचं सगळं सांगायची. ती एका तासात, म्हणजे ओळीत, तो शेजारच्या तासात, मधे वांग्याची झाडं. वत्सलेच्या सासूनं काय डाव टाकला, नणंद कशी उलटली, दिरानं कागदावर सही कशी घेतली. सासूचा आवाज वेगळा, नणंदेचा वेगळा. बापूराव वांगी टोपल्यात टाकत म्हणायचा, “मंग?” ती पुढं सांगायची. वर्षानुवर्षं असं चाललं. दोघांत दुसरं बोलणं फार नव्हतं, आणि नाही याचं दोघांनाही काही वाटत नसावं. निदान बापूरावला तरी वाटत नव्हतं.

ती गेली तेव्हा तो रडला नाही. पोटाचं दुखणं आत पसरलेलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं, इतक्या उशिरा काहून आणलं? बापूराव म्हणाला, “ते काही बोललीच नाई जी.” भेटायला येईल त्यालाही तो हेच सांगायचा. काही बोललीच नाही. लोक हळहळायचे, म्हणायचे, आपल्या बायकांचं असंच असते, दुखणं अंगावर काढतात, तुयी काय चूक बापू. तो मान हलवायचा. चूक नाही हे त्यालाही पटलेलं होतं.

पण त्यानंतर तो जो गप्प झाला तो झालाच. दुःखी म्हणावा तर तसाही नाही. मेथीच्या जुड्या बांधायचा, हर्रासाला जायचा, यायचा. ताटात कढी होती की वरण, हे हात धुतल्यावर विचारलं तर सांगता यायचं नाही. वांग्याचा काटा बोटात मोडला तरी नुसता बघत राहायचा, मग काढून टाकायचा. मुलगा शिवम म्हणायचा, बाबा तर शांत आहेत, बरं आहे. सून रूपालीला मात्र ते बरं वाटत नव्हतं. ती म्हणायची, “मामाजी, आत्याबाईसाठी एकडाव रडून तरी घ्या.” बापूरावला त्यात अडचण काहीच नव्हती. पण येतच नव्हतं तर कुठून आणणार?

एकच गोष्ट त्याला कळत होती. कस्तुराबाईचा आवाज पुसट होत चालला होता. तोडणीच्या वेळी तो आठवायला बघायचा, तेव्हा तिचा स्वतःचा आवाज येत नसे. वत्सलेची गोष्ट सांगतानाचा यायचा. तेवढाच उरला होता.

तर, यंदाच्या गणपतीत रूपालीनं त्याला ओढूनच मंडपात नेलं. शेवटाला खांबाला टेकून तो बसला. भांडणं सुरू झाली. म्हातारे उठले, पुराणातल्या मालिकेबद्दल बोलले, एकानं तर शंख फुंकून दाखवला. मदनसिंग उठला, खुनी कोण हे अर्ध्या भागातच आपल्याला कसं कळायचं ते सांगून बसला. “अबे, मंग पूर्ण कायले पाये तू?” कुणीतरी म्हणालं. हशा झाला. ‘खट्याळ बिऱ्हाड’साठी चार पोरी एकदम उठल्या आणि एकमेकींनाच बोलू देईनात.

मग ज्योत्स्नाबाईंनी पुढचं माप उचललं. “वत्सलेचा उंबरा. कोन बोलते?”

कुणी बोलेना. मालिका जुनी झालेली, तिच्या जागी आता दुसऱ्या दोन लागून गेलेल्या. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कस्तुराबाईच्या जागी उठायचं म्हणजे जीभ रेटेना.

“कोनी नाई?” ज्योत्स्नाबाईंचा आवाज जरा खाली आला. पण हात माप पालथं करायला वळलाच.

रूपाली कुजबुजली, “मामाजी, मी उठू का?”

बापूराव उठला होता. त्याला काही वाटलं म्हणून उठला असं नाही, वाटणं तर केव्हाच बंद होतं. पण ते माप पालथं पडलं तर वर्षानुवर्षं तासातासातून ऐकलेलं सगळं खोटं पडेल, तिचं म्हणून जे काही उरलं तेही जाईल, एवढं त्याला लख्ख दिसलं.

“मी बोलतो,” तो म्हणाला.

“अरे बाप्पा!” मदनसिंग म्हणाला. “बापू, तू कवा पायली रे?”

“पायली नाई. आयकली.”

आणि तो बोलायला लागला. सासूचा डाव सांगितला, नणंदेचं उलटणं सांगितलं, दिराची सही सांगितली. आवाज काढले नाहीत, सरळ सांगितलं, जसं हर्रासात भाव सांगावा. पण एक धागा सुटला नाही. बायका माना डोलवायला लागल्या. हो, असंच होतं. अगदी असंच. रूपालीनं डोळ्याला पदर लावला.

“हे तं चांगलंच हाय,” बापूराव म्हणाला, “पन मले इचाराल, तं शेवटशेवटची गोष्ट सगळ्यात भारी. वत्सलेच्या दुखन्याची.”

माना डोलायच्या थांबल्या.

“तिले डाव्या कुशीत दुखे,” बापूराव सांगत राहिला. “वाकली का कळ निंगे. आधी वाटे, वजन उचललं म्हून असन. गुळाचं पानी पिये, ओवा खाये. मंग जेवन जाईना. दोन घास खाल्ले का पोट भरे. घरच्यायले वाटे, उपास करून राह्यली. लुगडं ढिलं व्हाले लागलं, तं गाठ आवळून नेसे. कोनाले सांगे नाई. नवऱ्याच्या मांगं भल्ले कामं, त्याले कायले तरास, असं म्हने. रोज इचार करे का आज सांगन, अन् रोज राहून जाये. असं कोनत्या मालिकेत दाखवलं सांगा बरं? खूनबिन नाई, कारस्थान नाई. पन मले तोडनीत काही सुचत नव्हतं, असं वाटे का उद्या काय होते हिचं.”

तो थांबला. आजवर तो इतकं सलग कधी बोलला नव्हता. टाळ्या होतील असं त्याला वाटलं असेल, कारण कस्तुराबाईला टाळ्या व्हायच्या. एकही टाळी पडली नाही.

“हे कवा दाखवलं बे?” मदनसिंग म्हणाला. “माही बायको रोज पाये. असं काही नव्हतं त्यात.”

“होतं,” बापूराव म्हणाला. “तू हॉटेलात असशीन.”

“बापूकाका,” ज्योत्स्नाबाई हळू म्हणाल्या, “थे मालिका तं मांगच्या साली होळीलेच संपली. सासूनं वत्सलेले किल्ल्या देल्या, सगळ्यायनं संगं फोटो काढला, अन् संपली. तिले दुखनंबिखनं काही नव्हतं.”

“होळीले कशी संपन? आखाडात सांगे ते मले. पोळ्यापर्यंत सांगे. रोज.” बापूराव सुनेकडं वळला. “सांग वो तू यायले.”

रूपालीनं खाली पाहिलं. “मामाजी, होळीलेच संपली. मी अन् आत्याबाईनं संगंच पायली. त्याच्यानंतर आत्याबाई लवकरच झोपे. टीव्ही लावे नाई.”

पुढं बसलेल्या बायकांना एव्हाना कळलं होतं. एकीनं तोंडावर हात ठेवला, दुसरीनं पोराला उगाच जवळ ओढलं. ज्योत्स्नाबाई हातातलं माप तसंच धरून उभ्या राहिल्या. बापूरावला अजून काहीच कळलेलं नव्हतं. मदनसिंगलाही नाही. तो मनानं वाईट नाही, पण त्याला गप्प बसता येत नाही, हा त्याचा जन्माचा दोष.

“म्हंजे वैनीनं घरचीच मालिका चालू ठेवली म्हना!” तो हसत म्हणाला. “वा रे वा! तिचंच माप पहिलं यंदा. बरं मंग, वैनीच्या मालिकेत नवरा काय करे रे, बापू?”

“नवरा?”

“हो ना. बायको अशी वाळून राह्यली अन् नवरा काय करे? कंपनीचा मालक होता ना थो?”

बापूराव आठवायला लागला. होळीआधीच्या गोष्टीत वत्सलेचा नवरा कंपनीत जायचा, मोटारीतून उतरायचा, फोनवर बोलायचा. नंतरच्या गोष्टीत मोटार नव्हती. फोन नव्हता. नुसता नवरा होता. पहाटे जायचा, उन्हं वर आली की यायचा, जेवला की परत कामाला, आणि दिवे लागले की झोपायचा.

तो उभ्या जागी हलला. रूपालीनं त्याचा दंड धरला.

“सांग ना,” मदनसिंग म्हणाला. “इचारे का नाई तिले?”

“नाई इचारे,” बापूराव म्हणाला. “वांगे तोडे.”

आता मदनसिंगलाही कळलं. त्याचं हसू गेलं, आणि त्यानं उगाच टोपी काढून हातात घेतली.

बापूराव बोलतच राहिला, पण आता त्याचा आवाज हर्रासातला नव्हता, फुटका होता. “मीच शिव्या देल्या त्याले. म्हटलं, कसा भाड्या मानूस हाय हा, बायको डोयासमोर चालली अन् याले दिसत नाई? तं हासली ते. टोपलं खाली ठेवलं अन् हासली. म्हने, तसा वाईट नाई हो थो. भोळा हाय. थो इचारन एखांद्या दिशी.” त्यानं सुनेकडं पाहिलं. “रोज सांगतलं तिनं मले, रूपाली. रोज. म्या म्हटलं, उद्या सांगजो, आता गाडी भरू दे.”

आणि त्याला रडू आलं. ते एकदम आलं, मोठ्यानं आलं, सगळ्या गावासमोर, पोरासोरांसमोर, गणपतीसमोर. ज्योत्स्नाबाईंनी पोरांना घरी पिटाळलं. मंडपाच्या सतरंजीवर बापूराव बसला, दोन्ही हात पोटाशी धरून, आणि रूपाली त्याला घरी चला, घरी चला म्हणत राहिली, पण त्याला उठता येईना.