अर्ध्या तासाची वकीलबाई

"जमिनीवर बसणाऱ्या जातीला खुर्ची दिली, की ती चढते."

हे वाक्य आमच्या क्लासच्या मालकांचं. लातुरात सगळे त्यांना सर म्हणायचे. मीही. मी तिथं जीवशास्त्राची डाऊट टीचर होते. तास मोठे मास्तर घ्यायचे, पोरांच्या शंका आम्ही काउंटरवर सोडवायचो. त्या दिवशी काउंटरसमोर पोरांची रांग होती. शेजारी दोन मास्तर बसलेले. मी एवढंच म्हटलं होतं, "सर, सरकारी शाळेवर माझी निवड झाली. पंधरा दिवसांनी नांदेडला पडताळणी आहे. माझी मूळ कागदपत्रं पाहिजे होती."

तेव्हा ते वाक्य. मग दुसरं. "तुमच्या लोकांना नोकरी घरपोच मिळते. मार्कमेमो कशाला लागतो?"

एक मास्तर हसला. दुसरा पेनाचं टोपण लावत बसला. पोरांनी माना वहीत घातल्या. आणि मीही हसले. खरं आहे. हसले.

रुजू होताना दहावीपासून बी.एड.पर्यंतचे सगळे मूळ कागद जमा करायचे, अशी त्या क्लासची रीत होती. करार तीन वर्षांचा. दुसऱ्या क्लासनं मास्तर पळवू नये म्हणून. लोखंडी कपाट, किल्ली सरांच्या खिशात. कुणालाच त्यात वावगं वाटायचं नाही. फाइल देताना मी वर थँक्यू म्हटलं होतं.

एका वकिलाकडे गेले. त्यांच्या खुर्चीमागं त्यांच्या मुलीचा फोटो, आमच्याच क्लासच्या सत्काराचा. "मॅडम, सरांशी गोडीनं घ्या," ते म्हणाले. दुसऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. मी जिना उतरून रस्त्यावर येते तोच सरांचा फोन. "वकिलाकडं चाललात म्हणे?"

गावाएवढं शहर. ज्या दारात जावं, तिथं आत सर.

हॉस्टेलवरची माझी रूममेट नसरीन एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिनं मोबाइल पुढं केला. "हे बघ, ऑनलाइन वकील. ठरलेली फी, अर्धा तास. एक रुपया वर नाही."

"ओळख ना पाळख. कसला वकील असंल?"

"अगं येडे, तो लातूरचा न्हाई, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण हाय."

दुपारी हॉस्टेलच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला मी तो फोन घेतला. वकील बाई निघाल्या. चेहरा दिसला नाही, आवाज शांत. मी सरांना लिहिलेला अर्ज त्यांना आधीच पाठवला होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "माझी कागदपत्रे मला देण्याची कृपा व्हावी. आपली सदैव ऋणी." मग विचारलं, "हे कागद कुणाचे?"

"माझे."

"मग कृपा कसली?"

ती कृपा कुठून आली, हे मला ठाऊक होतं. भूकंपात आमचं गाव पडलं. मी त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये जन्मले. वस्तीत लिहिता येणारा माणूस एकटा माझा बाप. घरासाठी, पत्र्यांसाठी, यादीत नाव यावं म्हणून त्यानं शेकडो अर्ज लिहिले. प्रत्येकात कृपा व्हावी. सभांची पत्रकंही तोच आणायचा. मी त्या पत्रकांवर वाचायला शिकले. लढा, हक्क, स्वाभिमान, सगळं तोंडपाठ. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा पेनातून उतरली ती कृपाच.

वकीलबाई म्हणाल्या, "शिकलेल्याचे दाखले तारण ठेवता येत नाहीत. करार मोडला म्हणत असतील तर कोर्टात जाऊ द्या त्यांना. अर्ज फाडा. नोटीस पाठवू. बोर्डाकडं, विद्यापीठाकडं दुय्यम प्रतीही आजच मागा, पण त्या वेळेत मिळतीलच असं नाही." मग थांबून, "अजून काही म्हणाले का ते?"

"नाही."

"बाई, तुमची अकरा मिनिटं उरलीत. लपवण्यात घालवू नका."

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "शब्दशः सांगा. कुणासमोर?" मी ते वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडानं उच्चारलं. हसू आलं नाही.

त्यांनी तक्रारीचा कायदा सांगितला. कोणतं ठाणं, कोणतं कलम. आणि स्पष्ट सांगितलं, "साक्षीदार फुटतील. वर्षं जातील."

नोटीस गेली, ते वाक्यही तिच्यात होतं. पडताळणीच्या आदल्या दिवशी सरांनी बोलावलं. टेबलावर माझी फाइल. दोन वर्षांनी पाहिली मी ती. तिच्यावर एक टाइप केलेला कागद. "सही करा, घेऊन जा. विषय संपला."

मी वाचलं. तिसऱ्या ओळीत होतं, 'सरांनी मला जातीवरून कोणताही अपशब्द वापरलेला नाही. माझा गैरसमज झाला होता.'

अर्धा तास कधीच संपला होता. हा प्रश्न त्यात विचारलाच नव्हता. मी बाहेर येऊन बापाला फोन लावला. कागद वाचून दाखवला. तो म्हणाला, "माय, सही कर. नौकरी हाय ती. कागद हातात आला की मग बोल काय बोलायचं ते."

"बाबा, सही केल्यावर काय बोलू?"

त्यानं फोन ठेवला नाही, मीच ठेवला.

मी आत गेले. "पोचपावतीवर सही करते. यावर नाही."

"मग फाइल राहील."

"राहू द्या."

तिथं बसलेल्या त्या दोन मास्तरांपैकी एकजण हळूच म्हणाला, "मॅडम, नोकरी जाईल." गेलीच. नांदेडच्या साहेबांनी नोटीस पाहिली, हळहळले, पण मुदत द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. दुय्यम प्रती दोन महिन्यांनी आल्या. तोवर माझ्या जागी दुसरं नाव लागलं होतं. त्या दोघा मास्तरांनी पोलिसांना सांगितलं, आम्ही काही ऐकलं नाही.

मी ऐकलं होतं. मी तक्रार दिली, त्यांचं वाक्य जसंच्या तसं. आता तारखा चालू आहेत. दर तारखेला सरांचा माणूस समझोत्याचा नवा मसुदा आणतो. भाषा दरवेळी मऊ होत जाते. ती तिसरी ओळ तशीच असते. मी उभ्यानं वाचते आणि परत देते. पुढच्या तारखेलाही परत देणार आहे. त्याच्या पुढच्याही.