अण्णाच्या नावाला आलेली ओ

मी भाव केल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा घेत नाही. समोरच्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं, हाच माझा धंदा. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जुन्या मशीन घेतो-विकतो. त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हसण्यावारी नेले... आता स्वतःच लिहायला बसलोय.

हा धंदा मी आणि थोरला भाऊ अण्णा, दोघांनी शून्यातून उभा केला. मग त्याने त्याच्या नावावरचा गाळा मला न विचारता आमच्याच स्पर्धकाला विकला आणि मनोरीला राहायला गेला. तेव्हापासून ऑफिसात त्याचं नाव काढायचं नाही. गेल्या पावसाळ्यात त्याला पॅरालिसिसचा झटका आल्याचं कळलं. तरी मी गेलो नाही.

त्या सकाळी लॅपटॉपवर एकही साइट उघडेना. वायफाय तर फुल. चिडून मुलीला फोन लावला. सायली अंधेरीला नेटवर्कचंच काम करते.

"बाबा, ओरडू नका. मी सांगते ते टाइप करा."

तिने सांगितलेला एका साइटचा नंबर टाकला, लगेच उत्तर आलं. साइटचं नाव टाकलं — सापडत नाही.

"म्हणजे नंबर ओळखतोय, नावं विसरलाय. ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला नावाने हाक मारून बघा."

तेही सापडेना. तिने सांगितलेल्या सगळ्या कमांड दिल्या, राउटर बंद-चालू केला, लॅपटॉपही केला. काही नाही. माझं डोकं फिरलं.

"आता काय, तुझ्या काकाचं नाव टाकू?"

"टाका ना. त्या निमित्ताने तरी त्यांचं नाव घ्याल."

रागातच टाकलं — अण्णा. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरचं हेच नाव होतं. तो कॉम्प्युटर तो जाताना घेऊन गेला होता.

रिप्लाय आला. एकाखाली एक, ओळी येत राहिल्या.

मी त्या वाचून दाखवल्या, तशी सायली हळूच म्हणाली, "बाबा, हा लॅपटॉप तर काका वेगळे झाल्यावर घेतलाय. त्यात ते नाव कुठून आलं?"

मी शटर ओढलं, मार्व्याहून मनोरीची बोट पकडली. फक्त तो कॉम्प्युटर बघायचाय, असं स्वतःला सांगत होतो.

वहिनीने दार उघडलं. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. वर चादर, वायर गुंडाळून रबर लावलेली. आजारपणापासून कुणी हात लावला नव्हता.

"भावजी, यांची नावं गेली," ती म्हणाली. "माणसं ओळखतात, पण नाव येत नाही. माझंही नाही, मुलाचंही नाही."

अण्णा खाटेवर बसला होता. माझ्याकडे बघत राहिला, ओठांशी झटापट केली...

"बाळ्या."

इस्टेटमध्ये मला सगळे शेट म्हणतात. बाळ्या म्हणणारा आता तो एकटाच उरलाय.

"आज सकाळपासून हे एवढंच नाव येतंय," वहिनी म्हणाली. "फोन करावा, तर तुम्ही उचलत नाही."

दुसऱ्या दिवशी सगळ्या साइट आपोआप उघडल्या. अण्णा टाकलं — सापडत नाही. सायलीने लॅपटॉप आतून-बाहेरून तपासला, तिला काहीच मिळालं नाही.

गाळ्याचा राग अजून आहे. अण्णाला तो सांगूनही झाला. तो नुसता ऐकून घेतो. मी दर रविवारी बोटीने जातो, त्याच्याकडून एकेक नाव घोकून घेतो. परवा वहिनीचं आलं. गाळा घेणाऱ्याचं नाव मात्र मी शिकवणार नाही.

त्या सकाळी माझ्या हाकेला ओ कोणी दिली, ते मला आजही माहीत नाही.