उखर्डूभाऊंची पाटी

असोद्यात आमच्या शेजारी उखर्डूभाऊ राहतात. केळीच्या मळ्यातून त्यांनी हाक मारली की घरात पुष्पाबाई चहाचं आधण ठेवायच्या, असला त्यांचा आवाज. गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, आवाज गेला. तंबाखूवरून मी काय कमी बोलले होते त्यांना? पण ऐकतील तर ते भाऊ कसले.

आता सगळा कारभार पाटीवर. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. पुष्पाबाई चौथी शिकलेल्या, अक्षराला अक्षर लावून वाचणाऱ्या. भाऊ भराभर खरडायचे, त्या नुसती मान हलवायच्या आणि पाणी मागितलं तर भाकरी आणायच्या. भाऊ पाटी आपटायचे. मग पाटी घेऊन त्या माझ्या दारात. "बाई, तुमीच वाचा ना. मले नाही उमजत."

मी तीस वर्षं मराठी शिकवलेली मास्तरीण. घडाघडा वाचून द्यायचे. एकदा पाटीवर होतं, 'काल रडत का होतीस?' तेही मी मोठ्यांदा वाचलं. पुष्पाबाईंनी खाली बघितलं. मागून आलेल्या भाऊंनी माझ्या हातातली पाटी घेतली आणि कोपरानं पुसून टाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा-बायकोच्या बोलण्यात मी कोण?

दुसऱ्या दिवशी भाऊ एकटेच आले. पाटीवर लिहिलं, 'तिला वाचता येईल असं लिहायला शिकवा.'

"त्याला सुवाच्य म्हणतात," मी म्हटलं. या शब्दापायी मी किती पोरांचे गुण कापले, पण त्याचा अर्थ कुणाला धड सांगितला नव्हता. भाऊंना सांगितला. सु म्हणजे चांगलं, सोपं. वाच्य आलं 'वच्'वरून, आणि वच् म्हणजे बोलणं. वाचणं हा अर्थ मागाहूनचा. सहज तोंडानं म्हणता येईल ते सुवाच्य.

भाऊंनी गळ्यावरच्या पट्टीला हात लावला. मग लिहिलं, 'म्हणजे माझं ती बोलेल.'

दोन महिने ते माझ्या ओट्यावर दुरेघी वही घेऊन बसले. मीही सोडलं नाही. रेघ सरळ काढा, शब्द सुटा ठेवा, कुठं गाडी चुकतेय का तुमची? पासष्टीचा माणूस, मुकाट ऐकून घ्यायचा.

काल दुपारी भिंतीपलीकडून पुष्पाबाईंचा आवाज आला. त्या अक्षरं लावत होत्या.

"पु... ष्पा... तू आ... धी जेव. मी थां... ब... तो."

चाळीस वर्षं भाऊंनी त्यांना 'अवं' म्हणूनच हाक मारली. आमच्या पिढीत बायकोचं नाव घ्यायची रीतच नव्हती.

पुष्पाबाईंनी पुन्हा वाचायला घेतलं, पहिल्या शब्दापासून. मी उठले आणि माझी खिडकी लावून घेतली.