जावयाचा फेटा आणि पिवळा सदरा

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगतो. ही गोष्ट ऐकली की माणसं आधी हसतात, मग माझ्याकडं टकामका बघतात आणि विचारतात, "धोंडिबा, तू खरंच असं केलंस?" केलं, बाबांनो! भर रस्त्यात केलं, आणि वर हलगी लावून केलं!

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गावोगाव चालल्या होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. आमचं घर घोटावड्याला. थोरली लेक हिरा पुण्यात दिलेली. जावई विठ्ठलराव. हे स्थळ आलं तेव्हा मी मध्यस्थाला विचारलं,

"पोरगा करतो काय?"

"सायकल चालवतो."

"आरं, सायकल तर आमचा पोस्टमनबी चालवतो. काम काय करतो?"

"त्येच काम! सायकलीच्या कंपनीनं पगारावर ठिवलाय. शर्यतीत पळवायला."

मी गारच पडलो! शर्यतीसाठी खुराक देऊन ठेवलेला बैल मी पाहिला होता. पगार देऊन ठेवलेला माणूस? पण पोरगा निर्व्यसनी होता, मांड्या म्हणे अशा की नांगराला जुंपला असता. दिली पोरगी.

आणि लग्नातच घोटाळा केला.

आमच्याकडं सासऱ्यानं स्वतः जावयाला फेटा बांधायचा मान असतो. मी पुण्याहून खास गुलाबी फेटा आणला होता, जरीच्या काठाचा. आता मांडवात गर्दी, वाजंत्री कानात ओरडतेय, आचारी गूळ संपला म्हणून बोंब मारतोय. त्या गडबडीत तो फेटा मी जावयाच्या चुलत्याच्या डोक्याला बांधून टाकला! चुलता पुढं बसला होता, मी बांधला. त्या माणसानं तरी 'मी नव्हे' म्हणायचं की नाही? उलट मान ताठ करून बसला.

जावई रुसला. रुसला म्हणजे किती? "माझा फेटा मला मिळाल्याबिगर सासऱ्याचा उंबरा चढणार न्हाई," असं चारचौघांत बोलला. दिवाळसणाला हिरा एकटीच आली. आळीतल्या बायका मुद्दाम विचारायच्या, "जावई न्हाई आलं व्हय?" पोरगी चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसायची. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगतो. एका फेट्यापायी लेकीचं माहेर तुटायची वेळ आली होती.

अशात एके दिवशी हिरा अचानक आली, ती हसतच.

"आबा, ह्यांची मोठी शर्यत सुरू झालीया. रोज एक टप्पा, रोज नवा मुक्काम. पयला दिस ह्यांनीच मारला! परवाचा टप्पा आपल्या फाट्यावरनंच मुळशीच्या धरणाला जाणार हाय."

"मग मला वळखू कसं येतील? समदे सारखेच दिसत असतील."

"ह्यांच्या अंगात पिवळा सदरा हाय. जो समद्यांच्या म्होरं आसंल त्याला देत्यात."

आता हे तिनं सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू? पण मला वाटलं, दिला म्हणजे दिला. तुम्हीच सांगा, आहेरात दिलेला सदरा दुसऱ्या दिवशी अंगातून उतरवून शेजाऱ्याला घालायचा, असलं कधी कुणी ऐकलंय का? आपल्यात दिलेला कपडा परत घेतला तर पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद होईल!

मी मनात ठरवलं. जावई उंबरा चढत नाही ना? मग उंबराच रस्त्यावर न्यायचा!

घोटावडे फाट्याजवळ तेव्हा मोरीचं काम चाललं होतं. रस्त्यावर ही एवढाली खडी पसरलेली. सायकलवाल्याला खाली उतरून सायकल खांद्यावर घ्यावीच लागे. मोरीला लागूनच हुसेनभाईचं चहाचं दुकान. हुसेनभाई माझा लंगोटीयार. चहा तो बरा करी, पण फेटा बांधावा तर त्यानंच. बांधायचा मान माझा, पण लग्नातल्या घोटाळ्यानंतर माझ्या हातांवर माझाच भरवसा उरला नव्हता, म्हणून नवा फेटा आणून मी त्याच्या हवाली केला. गुलाबीच, जरीच्या काठाचाच. हलगीवाला बोलावला. दुकानासमोर पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, गरम पाण्याचा तांब्या ठेवला. हिराची आई औक्षणाचं ताट घेऊन उभी राहिली. हिरा घरी पुरणपोळ्या करत होती, त्या घेऊन ती मागून येणार होती.

दुपार कलली आणि पिरंगुटाच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर एकटाच गडी, वाऱ्यासारखा येतोय. आणि अंगात काय? पिवळाधमक सदरा!

"आले! जावई आले! वाजीव रे!"

हलगी कडाडली. गडी खडीपाशी उतरला, सायकल खांद्यावर घेतली, आणि मी पुढं होऊन त्याला मिठीच मारली.

त्याचं तोंड म्हणाल तर धुळीनं माखलेलं. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर चामड्याच्या पट्ट्यांची टोपी. मी जावयाला पाहिलं होतं ते लग्नातच, आणि तेव्हा मुंडावळ्यांतून नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता! हिराच्या आईनं तर जावयासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, तिला माझीसुद्धा ओळख पटली नसती. तरी ती पदराआडून म्हणाली,

"आवो, जरा थोराड वाटत्यात."

"सायकल मारून मारून रापल्यात! तू ताट धर."

तो गडी ओरडला, "अरे छोडो! क्या कर रहे हो बाबा!"

हुसेनभाई माझ्या कानाशी लागला. "धोंडिबा, ह्यो हिंदी बोलतुया."

"रागावल्यात अजून. शिकलेला मानूस रागावला की हिंदीतच बोलतो. तू फेटा काढ!"

आता रुसलेला जावई लगेच हो म्हणेल का? रुसलेल्या जावयाला धरून बसवायचं असतं, त्यानं नको नको म्हणायचं असतं, हीच तर रीत. तो जितका सुटायला बघे तितका मला आनंद होई. वाटे, रुसवा अगदी घरंदाज आहे! मी, हुसेनभाई आणि चहाला बसलेले दोघे, अशा आम्ही चौघांनी मिळून त्याला पाटावर बसवला. सायकल दुकानात नेऊन ठेवली, उगाच पडायला नको म्हणून. मी त्याच्या बुटाचे बंद सोडले आणि पाय धुवायला घेतला.

तोवर मागचे गडी येऊ लागले. एकेक जण सायकल खांद्यावर घेऊन खडीवरून लडखडत जायचा आणि आमच्याकडं तोंड वासून बघायचा. एक निळ्या सदऱ्यातला तर थांबलाच! पुतळ्यासारखा उभा. एकदा माझ्याकडं बघतोय, एकदा पाटावरच्या पायाकडं. मला राग आला.

"बघतोस काय रं? जावयाचा मान चाललाय हितं! जा फुडं!"

त्यानं खांद्यावरची सायकल सावरली आणि गेला बिचारा पुढं.

इकडं हुसेनभाईनं फेटा असा बांधला की काय विचारता! तुरा वर, शेमला पाठीवर. हिराच्या आईनं कुंकू लावलं. एवढ्यात तो पिवळ्या सदऱ्याचा गडी रडकुंडीला येऊन हुसेनभाईला काहीतरी बोलला, आणि हुसेनभाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हनत्यात?"

"धोंडिबा... कसं सांगू..."

"आरं, बोल की!"

"म्हनतोय, कसला सासरा अन् कसला जावई. माझं लगीनच झाल्यालं न्हाई!"

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. लगीनच झालं नाही? चारशे पानं उठलेलं लगीन! माझ्या हिराला टाकली यानं! भर रस्त्यात, हलगीच्या तालावर टाकली! हिराच्या आईनं तर ताट बाजूला ठेवून गळाच काढला. मी त्या गड्याचा सदरा धरला आणि ओरडलो,

"फेट्यापायी लेकीला टाकता व्हय? आत्ता बांधला न्हवं फेटा? आजून काय पायजे? धाकट्या पोरीचा फेटाबी तुमालाच बांधू काय?"

राग आला की काय बोलतोय ते माणसाला कळत नाही.

आणि नेमकी तेव्हाच हिरा पोळ्यांची पाटी डोक्यावर घेऊन वळणावर दिसली. तिनं आमच्याकडं पाहिलं. पाटी तिथंच ठेवली आणि पळत आली.

"आबा! आवो आबा! ह्ये कोन?"

"कोन काय इचारतीस? तुझा नवरा!"

"ह्यो? ह्यो माझा नवरा न्हाई!"

तोही नाही म्हणतोय, हीही नाही म्हणतेय!

"आगं, पिवळा सदरा..."

"त्यो काल ह्यांच्याकडनं गेला आसंल! म्हनून तर सांगितलं, जो म्होरं आसंल त्याला देत्यात! रोज बदलतुया त्यो!"

"मग विठ्ठलराव कुटं हायेत?"

"कंपनीच्या निळ्या सदऱ्यात असत्याल की!"

निळा सदरा! मला तिथंच बसायला झालं. बसलोही, त्याच पाटावर.

तो पिवळ्या सदऱ्याचा गडी पंजाबी होता, हे मागून कळलं; तो मात्र सुटल्याबरोबर दुकानात घुसला, सायकल काढली, बुटात पाय कोंबला आणि निघाला. फेटा सोडायला वेळ कुठं होता? तसाच गेला पौडाकडं, गुलाबी शेमला उडवत. पुढं कळलं की पौडात लोकांनी त्याला पाहून टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, नवरदेव लग्नाला निघालाय आणि मुहूर्त टळत आलाय.

मागून शर्यतीच्या साहेबांची जीप आली. अर्ध्या चड्डीतले साहेब खाली उतरले.

"त्या पिवळ्या सदऱ्याच्या माणसाला इथं कोणी अडवलं? तुम्ही त्याचे कोण?"

"सासरा."

"त्याचे?"

"न्हाई. दुसऱ्याचा."

"म्हणजे स्वतःच्या जावयाला जिंकवण्यासाठी तुम्ही पुढच्याला अडवलंत?"

अगं आई! हे तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं! मी लबाड ठरलो तर जावयाला शर्यतीतून काढतील, कंपनी नोकरीवरून काढेल, आणि हिरा कायमची माझ्या घरी येईल, पण ती टाकलेली लेक म्हणून. मी साहेबांचे पायच धरले. पाट दाखवला, रांगोळी दाखवली, लग्नातल्या चुलत्याची सगळी हकिगत सांगितली. साहेब ऐकता ऐकता जीपला टेकले, मग रुमालात तोंड घालून बराच वेळ हलत राहिले. शेवटी म्हणाले, "जावई समजून पाय धुतले तर काय करायचं, असा नियम आमच्यात नाही."

संध्याकाळी खडीच्या मालमोटारीत बसून आम्ही मुळशी गाठली. धरणापाशी तंबू पडले होते. विठ्ठलराव एका तंबूपुढं बसले होते. टप्पा त्यांनीच मारला होता! पिवळा सदरा पुन्हा त्यांच्या अंगात आला होता. पण तोंड? श्राद्धाला आलेल्या माणसाचं.

"जावईबापू, पयलं आला न्हवं तुमी?" मी हळूच म्हणालो.

"आलो. उघड्या डोक्यानं आलो."

"चूक झाली..."

"तुमीच म्हनालात, जा फुडं. म्हनून गेलो फुडं. आमचा फेटा बांधला दुसऱ्याला, पाय धुतले दुसऱ्याचे, आन् आमाला काय? तर बघतोस काय रं!"

हिरा तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला लई बरं वाटलं, पण जावयाचा पारा आणखी चढला. म्हटलं आता उशीर नको. शेजारच्या तंबूत गेलो. पंजाबी गडी आरशात बघत बसला होता, डोक्यावर फेटा तसाच. मी हात जोडून फेटा मागितला.

त्यानं नकाराची मानच हलवली. हुसेनभाई बरोबर होता, त्यानं सांगितलं, "म्हनतोय, सदरा तुमच्या जावयाला गेला. फेटा तर मी देनार न्हाई. सासऱ्यानं हातानं दिलाय."

मग त्यानं आमच्या पुरणपोळ्याही खाल्ल्या. पोटभर. आम्ही निघताना हिराच्या आईच्या पाया पडला. तिनं आशीर्वाद दिला, आणि तो आशीर्वाद फारच लागला. शेवटच्या दिवशी पठ्ठ्यानं पिवळा सदरा परत मिळवला आणि शर्यत जिंकली! म्हणजे आमच्या जावयाला ना सदरा, ना फेटा.

पुढं काय? पुढं हिरा बाळंतपणाला आली. बारशाच्या दिवशी अंगणात सायकलची घंटी वाजली. विठ्ठलराव! मी धावत आत गेलो, तिसरा गुलाबी फेटा काढला, आणि बाहेर येऊन बघतो तर जावयाच्या डोक्यावर आधीच फेटा. पुण्याहून बांधूनच आले होते.

"आवो, ह्ये काय जावईबापू? मी बांधनार होतो की!"

विठ्ठलराव उंबरा चढून आत आले आणि माझ्या पाया पडले. खाली वाकताना डोक्यावरचा फेटा मात्र दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला होता.

"नगं मामा," ते म्हणाले. "आज घरात लई पावनं हायेत. तुमचा काय नेम न्हाई."